बिनाका गीतमाला : सत्तरच्या दशकातील लोकप्रियतेचा मापदंड

एखादे गाणे 'हिट' झाले, हे नेमके कोणी आणि कसे ठरवायचे? आज संगणकावर आणि मोबाइलवर किती जणांनी गाणे ऐकले, याचा आकडा क्षणात समोर येतो. १९७० ते १९७९ या दशकात असा कोणताही आकडा भारतीय श्रोत्यांपुढे नव्हता. ध्वनिमुद्रिका बनविणाऱ्या कंपन्या विक्रीचे तपशील नियमितपणे जाहीर करीत नसत. आकाशवाणीला फर्माइशीची पत्रे भरपूर येत, मात्र गाण्यांची क्रमवारी लावण्याच्या भानगडीत ती पडली नाही. तरीही त्या वर्षांतील हिंदी चित्रपटगीतांची चर्चा निघाली की 'अमुक साली अमुक गाणे पहिले होते' असे ठामपणे सांगणारा एक तरी जाणकार भेटतोच. त्याच्या या आत्मविश्वासाचा उगम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो. दर बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबोहून प्रसारित होणारी 'बिनाका गीतमाला' हे ते ठिकाण.

या कार्यक्रमाचा जन्म दिल्लीतील एका धोरणातून झाला. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण खात्याची सूत्रे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. मूळचे पुण्याचे असलेले केसकर अभिजात संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि चित्रपटसंगीताविषयीची आपली नापसंती ते लपवीत नसत. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण त्यांनी घटविले. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्याची जाहिरात करणे, अशी भूमिका आकाशवाणीने घेतली. निर्मात्यांनी त्यावर आपल्या गाण्यांचे प्रसारणाचे हक्क काढून घेतले. भारतीय श्रोत्याने मात्र रेडिओ बंद न करता त्याची सुई फिरविली आणि ती लघुलहरींवरील रेडिओ सिलोनवर जाऊन थांबली.

रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक होते. त्यामुळे कोलंबोचा आवाज नागपूर, इंदूर, पाटणा, अगदी पेशावरपर्यंत पोहोचत असे. या केंद्राला जाहिराती चालत. पाश्चात्य गाण्यांची 'बिनाका हिट परेड' तेथे आधीपासून लोकप्रिय होती. त्याच धर्तीवर हिंदी कार्यक्रम करावा, असे दंतमंजनांची उत्पादक असलेल्या सिबा कंपनीच्या जाहिरातदारांनी ठरविले. ३ डिसेंबर १९५२ रोजी पहिला कार्यक्रम झाला. निवेदकाच्या जागी एकोणीस वर्षांचा अमीन सयानी होता. कार्यक्रम लिहिणे, सादर करणे आणि आलेली पत्रे हाताळणे या सगळ्यासाठी आठवड्याला पंचवीस रुपये मिळत, असे ते पुढे अनेक मुलाखतींतून सांगत. योगायोग असा की, ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका विक्रीची पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली होती. गाण्यांच्या क्रमवारीच्या बाबतीत आपण फारसे मागे नव्हतो.

सयानी मुंबईचे. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रणही मुंबईतच होई आणि फिती दर आठवड्याला विमानाने कोलंबोला रवाना होत. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक चालवीत. साक्षरतेच्या कामासाठी निघणारे हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. त्यातील सोपी हिंदुस्थानी बोली अमीनच्या जिभेवर बसली आणि तीच गीतमालेची भाषा झाली. 'बहनों और भाइयों' असे म्हणताना बहिणींना पहिला मान देणारा हा निवेदक क्रमांकाला 'पायदान' म्हणे. हा शब्द त्याने इतका रुजविला की मराठी घरांतूनही 'या आठवड्यात कितव्या पायदानावर?' असे विचारले जाऊ लागले.

क्रमवारी कशी लागे?

सुरुवातीला गीतमालेत क्रमवारी नव्हती. काही गाणी वाजविली जात आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, असे स्पर्धेचे स्वरूप होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला साठ हजारांच्या घरात गेला, तेव्हा पत्रे तपासणे अशक्य झाले. १९५४ पासून स्पर्धा बंद होऊन क्रमवारी सुरू झाली. म्हणजे सत्तरचे दशक उजाडले, तेव्हा या पद्धतीला दीड दशकाहून अधिक काळाचा अनुभव होता.

क्रम ठरविताना प्रामुख्याने दोन गोष्टी पाहिल्या जात. देशभरातील ध्वनिमुद्रिका विक्रेत्यांकडून विक्रीचे अहवाल येत, ही एक. दुसरी गोष्ट श्रोत्यांच्या पसंतीची. ती पत्रांतून आणि गावोगावच्या श्रोता संघांकडून कळे. श्रोता संघांची भर का पडली, याचे सयानी यांनी दिलेले स्पष्टीकरण मोठे मार्मिक आहे. केवळ विक्रीवर भिस्त ठेवली तर एखादी लोकप्रिय मुद्रिका दुकानातून संपल्यावर तिची विक्री शून्य दिसे आणि गाणे उगाचच खाली घसरे. शिवाय विक्रीचा आकडा पैशाने फुगविता येत असे. एखाद्या निर्मात्याच्या किंवा संगीतकाराच्या माणसांनी दुकानांतून मुद्रिका उचलल्या तर त्याला अडविणार कोण? पत्रांवर भिस्त ठेवावी, तर एकाच हस्ताक्षरातील पन्नास पत्रे येण्याची शक्यता होती. म्हणून एकाचा तोल दुसऱ्याने सांभाळायचा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेतील एक अडचण मात्र कोणालाच सोडविता आली नाही. पाश्चात्य देशांत एका गाण्याची छोटी मुद्रिका विकली जाई. त्यामुळे कोणते गाणे खपले हे स्पष्ट असे. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या सत्तरच्या आरंभी मागे पडल्या आणि ४५ फेऱ्यांची ईपी घराघरांत आली. तिच्यात साधारणतः एकाच चित्रपटाची चार गाणी असत, तर एलपीमध्ये चित्रपटाची सगळीच गाणी. ग्राहकाने ती कोणत्या गाण्यासाठी घेतली, हे दुकानदार कसे सांगणार? म्हणजे विक्रीच्या आकड्यावरून चित्रपट कळे, गाणे कळण्यासाठी अखेर श्रोत्याच्या पोस्टकार्डाकडेच वळावे लागे. तेव्हाच्या बिहारमधील आणि आताच्या झारखंडमधील झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशाला ठाऊक झाले ते फर्माइशीच्या या पोस्टकार्डांमुळेच.

वर्षभरातील क्रमांकांचे गुण एकत्र करून डिसेंबरअखेर वार्षिक कार्यक्रम होई. ठराविक काळ यादीत टिकलेल्या गाण्याला 'सरताज गीत' म्हणून मानाने निरोप दिला जाई, जेणेकरून नव्या गाण्यांना वाट मिळावी. वर्षाचे पहिले गाणे कोणते, यावर पैजा लागत. इराण्याच्या हॉटेलात, पानाच्या गादीवर, चाळीच्या गॅलरीत त्या रात्री गर्दी होई. रेडिओसाठी टपाल खात्याचा परवाना लागण्याचा तो काळ. सगळ्यांच्याच घरी रेडिओ नसे.

दहा वर्षे, दहा गाणी

दशकाचा आरंभ लता मंगेशकर यांच्या आवाजाने झाला. १९६९च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या 'दो रास्ते'मधील 'बिंदिया चमकेगी' १९७० च्या वार्षिक यादीत पहिले आले. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हे मराठी. पुढच्या वर्षी पहिला क्रमांक 'अंदाज'मधील राजेश खन्ना आणि हेमा मालिनी यांच्या मोटारसायकलवरील गाण्याला मिळाला. राजेश खन्नाची भूमिका पाहुण्या कलाकाराची होती, तरी चित्रपट लक्षात राहिला तो याच गाण्यासाठी. किशोरकुमारच्या या विजयाला एक काळी किनार होती. शंकर-जयकिशन या जोडीतील जयकिशन यांचे १२ सप्टेंबर १९७१ रोजी निधन झाले होते. वर्षअखेरीस गाणे पहिले आल्याचे ऐकायला ते नव्हते.

१९७२ चे 'दम मारो दम' हा या यादीतील सर्वांत वादळी क्रमांक. देव आनंदच्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधील आशा भोसले यांचे हे गाणे राहुलदेव बर्मन यांनी बांधले होते. अमली पदार्थांचे उदात्तीकरण होते म्हणून आकाशवाणीने ते दूर ठेवले, असे सांगितले जाते. आशाबाईंना त्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि गीतमालेत ते अग्रस्थानी पोहोचले. सरकारी माध्यमाला नको असलेले गाणे देशात सर्वाधिक आवडते ठरावे, यात केसकरांच्या काळापासूनच्या त्या जुन्या भांडणाचाच पुढचा अंक दिसतो.

त्याच वर्षी पारितोषिक आणि लोकप्रियता यांचा सांधा किती सैल असतो, हेही दिसले. १९७२ चे उत्कृष्ट संगीताचे फिल्मफेअर 'बेईमान'साठी शंकर-जयकिशन यांना देण्यात आले. 'पाकिजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले होते. त्यांना डावलल्याच्या निषेधार्थ प्राण यांनी त्याच 'बेईमान'मधील भूमिकेसाठी मिळालेले आपले पारितोषिक नाकारले.

प्राण यांचे नाव पुढच्या वर्षाशीही जोडलेले आहे. १९७३ चे पहिले गाणे 'जंजीर'मधील कव्वालीच्या ढंगाचे 'यारी है ईमान मेरा'. आवाज मन्ना डे यांचा, पडद्यावर पठाणाच्या वेशातील प्राण, शब्द गुलशन बावरा यांचे. या चित्रपटाने अमिताभ बच्चनला 'अँग्री यंग मॅन' केले, पण त्याच्या तोंडी त्यात एकही गाणे नाही. बदलत्या नायकाची चाहूल गाण्यांच्या यादीने अशा उलट्या पद्धतीने दिली. संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांनी १९७४ मध्ये 'कोरा कागज'च्या शीर्षकगीताने पुन्हा पहिला क्रमांक घेतला. किशोरकुमारचा एवढा उदास सूर अग्रस्थानी येणे हा त्या काळच्या श्रोत्याच्या अभिरुचीबद्दल बरेच काही सांगून जाते.

१९७५ चे गाणे तर थेट वर्तमानपत्रातून उचलल्यासारखे. मनोजकुमार यांचा 'रोटी कपडा और मकान' १९७४ मध्ये आला. त्या वर्षी देशात महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला होता, मे महिन्यात रेल्वे कामगारांचा संप झाला होता, रेशनच्या रांगा लांबत होत्या. वर्मा मलिक यांच्या 'महंगाई मार गई' या गाण्यात लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानी बाबू कव्वाल असे चार आवाज होते. प्रेम, पाऊस, चंद्र यांपैकी काहीही नसलेले, केवळ धान्याच्या भावाविषयी बोलणारे गाणे वर्षात पहिले यावे, असे गीतमालेच्या इतिहासात क्वचितच घडले असेल.

१९७६ च्या यादीवर मृत्यूची छाया होती. 'कभी कभी'चे शीर्षकगीत पहिले आले. साहिर लुधियानवी यांची कविता, खय्याम यांची चाल. ते गाणारे मुकेश २७ ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे, लता मंगेशकर यांच्यासोबतच्या दौऱ्यात वारले. फिल्मफेअर पारितोषिकही त्यांना मरणोत्तरच मिळाले. १९७७ मध्ये पुन्हा तेच. 'लैला मजनू'मधील लताबाईंचे 'हुस्न हाजिर है' पहिले आले, तेव्हा संगीतकार मदनमोहन यांना जाऊन दोन वर्षे उलटली होती. चित्रपटाचे उरलेले संगीत जयदेव यांनी पूर्ण केले होते. मदनमोहन यांच्या गझलांचे रसिक आजही त्यांना संगीतकारांचा संगीतकार म्हणतात. लोकप्रियतेच्या शर्यतीत मात्र ते हयातभर मागे राहिले. त्यांच्या वाट्याला हा मान आला तो १४ जुलै १९७५ नंतर, ऐकायला स्वतः नसताना.

१९७८ मध्ये राजश्रीच्या 'अंखियों के झरोखों से'चे शीर्षकगीत पहिले ठरले. गायिका हेमलता, गीत आणि संगीत रवींद्र जैन. मारधाडीच्या चित्रपटांचे राज्य ऐन भरात असताना, मोठे तारे नसलेल्या एका साध्या चित्रपटाचे गाणे वर आले. १९७९ मध्ये 'डॉन'मधील 'खईके पान बनारसवाला'. ही चाल मूळची देव आनंदच्या 'बनारसी बाबू'साठी होती आणि 'डॉन'मध्ये ती ऐनवेळी घेतली गेली, ही कथा आता सर्वज्ञात आहे. 'डॉन' प्रदर्शित झाला होता मे १९७८ मध्ये. म्हणजे गाण्याला शिखर गाठायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. 'दो रास्ते', 'रोटी कपडा और मकान', 'लैला मजनू' यांचेही तसेच. त्या काळी चित्रपटाच्या मोजक्याच प्रती निघत. त्या मुंबई-दिल्लीहून जिल्ह्याच्या आणि पुढे तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत महिने जात आणि गाणे त्या प्रतींबरोबर प्रवास करी.

कोण नाही, तेही पाहावे

ही दहा गाणी ओळीने मांडल्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती एक अनुपस्थिती. मोहम्मद रफी यांचे एकही गाणे सत्तरच्या दशकात वर्षाचे पहिले ठरले नाही. 'आराधना'नंतर किशोरकुमारची लाट आली, हे खरे. त्याचे तीन वेळा पहिले येणे त्याला धरूनच आहे. पण 'हम किसीसे कम नहीं'मधील गाण्यासाठी १९७७ चे फिल्मफेअर आणि राष्ट्रीय पुरस्कार असे दोन्ही मान मिळविणारा, 'लैला मजनू'तील नायकाचा आवाज असलेला गायक या यादीत नसावा, हे आज वाचताना चमत्कारिक वाटते. त्यांचा आवाज पुन्हा अग्रस्थानी आला तो 'सरगम'मधील लताबाईंसोबतच्या द्वंद्वगीतामुळे, १९८० च्या वार्षिक यादीत. त्या वर्षी ३१ जुलै रोजी रफी गेले होते.

राहुलदेव बर्मन यांचेही उदाहरण तसेच. नंतरच्या पिढीने सत्तरचे दशक जणू त्यांच्याच नावे लिहून दिले आहे. गीतमालेच्या वार्षिक यादीत मात्र पहिला क्रमांक त्यांना दहा वर्षांत एकदाच मिळाला. कल्याणजी-आनंदजी यांना तो तीनदा आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना दोनदा मिळाला. यादी चुकली असे यावरून म्हणता येत नाही, तिने त्या-त्या वर्षाची नोंद केली इतकेच. पंचवीस वर्षांनंतर रिमिक्सवाले कोणती चाल उचलतील, हे पोस्टकार्ड लिहिणाऱ्या श्रोत्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आणीबाणीच्या काळात कोलंबोच्या केंद्राचे वेगळेपण पुन्हा एकदा जाणवले. सरकारी कार्यक्रमात सहभागी होण्यास किशोरकुमारने नकार दिल्याने मे १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. शाह आयोगाच्या चौकशीत हे प्रकरण पुढे आले. १९७२ पासून श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालेले, पण श्रोत्यांच्या तोंडी 'सिलोन'च राहिलेले ते केंद्र दिल्लीच्या आदेशाखाली येत नव्हते.

गीतमालेच्या मोजमापाला मर्यादाही होत्या. तिचा परीघ हिंदी चित्रपटगीतांचा. १९७५ च्या 'शोले'ची गंमत अशी की, त्यातील संवादांच्या पॉलिडॉरने काढलेल्या मुद्रिकांनी गाण्यांनाही मागे टाकले. संवादांना पायदान कुठून मिळणार? मराठी गाण्यांसाठी तर असा मापदंड कधी उभाच राहिला नाही. १९७२ च्या 'पिंजरा'तील जगदीश खेबुडकर यांच्या लावण्यांना राम कदम यांनी दिलेल्या चाली, दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील गाणी, १९७७ च्या 'जैत रे जैत'मधील ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे काम, हे सारे महाराष्ट्राने मनापासून ऐकले. आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्ये त्यांची फर्माइश होत राहिली. पण कोणत्या आठवड्यात कोणते गाणे पुढे होते, याची नोंद कुठेही नाही. त्यामुळे मराठी गाण्यांच्या लोकप्रियतेविषयी आज जे बोलले जाते ते आठवणींच्या आधारे. हिंदीच्या बाबतीत निदान वाद घालायला एक यादी तरी आहे.

दशक संपता संपता चित्र पालटू लागले. मुंबईत १९७२ पासून दूरदर्शन आले होते आणि 'छायागीत'च्या दिवशी शेजाऱ्यांची घरे भरू लागली होती. कॅसेट आली, तशी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांची सद्दी ओसरली. घरोघरी आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या टपऱ्यांत परस्पर नकला निघू लागल्यावर विक्रीचा अहवाल मागायचा कोणाकडे, हा प्रश्नच होता. मंजनाचे नाव बदलल्याने कार्यक्रम 'सिबाका गीतमाला' झाला, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो विविध भारतीवर आला आणि १९९४ मध्ये थांबला. एकेकाळी चित्रपटगीतांना दार बंद करणाऱ्या आकाशवाणीच्याच घरात त्याची शेवटची वर्षे गेली. पुढे थोड्या काळासाठी त्याचे पुनरुज्जीवनही झाले. अमीन सयानी यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्याच निवेदनासह 'गीतमाला की छाँव में' या नावाने निघालेल्या संचांतून त्या याद्या आज ऐकायला मिळतात.